कपाटाची पट्टी मे महिन्यातच का सुटते? मोल्डिंग निवडण्याआधी हे वाचा

असं एखादं रील तुमच्याही फीडवर आलं असेल. साधं, सपाट दारांचं कपाट. कुणीतरी त्यावर चार पट्ट्यांची चौकट चिकटवतं, वरून रंग मारतं, सोनेरी हँडल लावतं आणि तीस सेकंदांत कपाटाला 'रॉयल लूक' येतो. खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न असतो, 'पट्टी कुठे मिळेल?'

पट्टी मिळते. नांदेडमध्ये मिळते, लातूरमध्येही मिळते. पण रीलमध्ये त्यानंतरचा उन्हाळा दाखवत नाहीत.

मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. हवा इतकी कोरडी होते की धुतलेली चादर तासाभरात वाळते. मग कपाटावरच्या चौकटीच्या कोपऱ्यात बारीक फट दिसू लागते. पट्टीचं टोक उचललं जातं, रंगाला तडा जातो. वास्तुशांतीला सगळ्यांनी कौतुक केलेलं कपाट वर्षभरात जुनं वाटायला लागतं. आपण म्हणतो मिस्त्रीने काम नीट केलं नाही, मिस्त्री म्हणतो माल हलका होता.

दोघांचंही थोडंथोडं बरोबर असतं. पण मूळ कारण वेगळं आहे. पट्टी लाकडाची असो की प्लास्टिकची, ती वर्षभर थोडीथोडी हलत असते. ती हलणार हे धरून निवडली आणि लावली, तर टिकते. हे कसं करायचं, ते सोप्या शब्दांत समजून घेऊया.

मोल्डिंग म्हणजे नेमकं काय?

मोल्डिंग म्हणजे ठरावीक आकार दिलेली लांब पट्टी. दुकानात तिला जागेप्रमाणे वेगवेगळी नावं आहेत. दारावरच्या किंवा काचेभोवतीच्या बारीक पट्टीला बीडिंग म्हणतात. पाव वर्तुळाच्या पट्टीला गोला म्हणतात. प्लायच्या उघड्या कडेवर मारलेली लाकडी पट्टी म्हणजे लिपिंग. कपाटाच्या माथ्यावरची रुंद पट्टी म्हणजे कॉर्निस आणि तळाला जमिनीलगत असते ती स्कर्टिंग.

या पट्टीची कामं तीन. एक, उघडी कड झाकणं. दोन, दोन भागांमधली फट झाकणं. तीन, सपाट पृष्ठभागावर थोडी सावली पाडून त्याला उठाव देणं. आपण बहुतेक वेळा फक्त तिसऱ्या कामाचा विचार करतो आणि पैसेही त्यासाठीच मोजतो. टिकाऊपणा मात्र पहिल्या दोन कामांवर ठरतो.

ही कल्पना आपल्या भागाला नवीन नाही. नांदेड जिल्ह्यात देगलूर तालुक्यातल्या होट्टलचं सिद्धेश्वर मंदिर किंवा लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचं नीलकंठेश्वर मंदिर पाहिलं असेल, तर त्यांच्या पायथ्याशी दगडाचे एकावर एक आडवे थर आठवतील. काही पुढे आलेले, काही आत गेलेले, काही गोलाई दिलेले. हे दगडातलं मोल्डिंगच. पुढे आलेली कड पावसाचं पाणी भिंतीपासून दूर टाकते. दोन थरांमधली सावली दगडांचा जोड नजरेआड करते. म्हणजे शोभा आणि उपयोग, दोन्ही एकाच रेषेत. कपाटाची पट्टी निवडताना हाच प्रश्न विचारायचा. इथे ही पट्टी काय झाकणार आहे?

घरात ती लागते कुठे?

साधारण पाच जागा असतात.

१. प्लायची कड: प्लाय कापल्यावर बाजूने त्याचे थर दिसतात. तिथून ओलावा आत शिरतो आणि थर सुटायला सुरुवात होते. त्यामुळे ही कड झाकणं सक्तीचं समजा. १८ मिलिमीटर प्लायला दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावलं की जाडी साधारण २० मिलिमीटर होते, म्हणून २२ मिलिमीटर रुंदीची एज बँड पट्टी लावून जादाची कड तासतात. एज बँड ०.८ किंवा २ मिलिमीटर जाडीत मिळते. रोज हात लागणाऱ्या दारांना जाड पट्टी घेतलेली बरी.

२. दाराचा दर्शनी भाग: रीलमधली चौकट ती हीच. हा भाग निव्वळ शोभेचा. परवडत नसेल तर इथे बिनधास्त काटछाट करा.

३. कपाट आणि भिंत किंवा छत यांच्यामधली फट: आपल्याकडे भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. कपाट काटकोनात आणि भिंत तिरकी, मग मधे खाली अर्धा सेंटिमीटर आणि वर दीड सेंटिमीटर फट राहते. धूळ, झुरळं आणि पाली तिथेच जागा शोधतात. इथली पट्टी उपयोगाची आहे.

४. कपाटाचा तळ: फरशी पुसताना आणि सणावाराला घर धुताना पाणी इथे लागतं. वाळवी चढते तीही खालूनच.

५. ओट्याखालची चौकट: मराठवाड्यात अनेक घरांत ओटा कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा असतो आणि खालचे उभे भागही कडप्प्याचे. नंतर त्यात ट्रॉल्या बसवतात. दगडाची ओबडधोबड कड झाकायला समोरून पट्टी लावतात. ती ओट्यावरून ओघळणाऱ्या पाण्याच्या थेट वाटेत येते. सगळ्यात आधी खराब होणारी पट्टी बहुधा हीच असते.

मग पट्टी सुटते का?

लाकूड कापून वाळवल्यावरही ते हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा घेतला की फुगतं, सोडला की आक्रसतं. पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. लांबीत हा बदल जवळजवळ शून्य, रुंदीत मात्र लक्षात येण्यासारखा.

साग या बाबतीत बराच स्थिर मानला जातो. तरीही तीन इंच रुंद सागवानी पट्टीतला ओलावा पाच टक्क्यांनी कमी-जास्त झाला, तर तिची रुंदी अर्धा-पाऊण मिलिमीटर बदलू शकते. नीट न वाळवलेलं लाकूड असेल तर आणखी जास्त.

चौकटीचा कोपरा ४५ अंशांत तिरपा कापून जोडलेला असतो. कोरड्या हवेत पट्टीची रुंदी कमी झाली की हा जोड आतल्या बाजूने उघडतो. पावसाळ्यात पट्टी फुगली की तोच जोड बाहेरच्या टोकाला उघडतो. तुमच्या कपाटाच्या कोपऱ्यातली फट कोणत्या बाजूला आहे ते पाहा. त्यावरून पट्टी आक्रसली आहे की फुगली आहे, हे कळतं.

प्लास्टिकचं गणित उलटं आहे. पीव्हीसीला ओलाव्याने फरक पडत नाही, पण उष्णतेने पडतो. आठ फूट लांब पीव्हीसी पट्टीचं तापमान २० अंशांनी बदललं, तर तिची लांबी साधारण अडीच ते चार मिलिमीटरनी बदलते. डिसेंबरच्या सकाळी दोन भिंतींच्या मधे घट्ट बसवलेली पट्टी मे महिन्यात वाढायला जागा शोधते. जागा नसेल तर मधून फुगून उचलली जाते. उलट, मे महिन्यातल्या भर दुपारी बसवलेली पट्टी थंडीत आखडते आणि जोडात फट दिसते. ॲल्युमिनियमची पट्टी तेवढ्याच फरकात साधारण एक मिलिमीटर हलते. लाकडाची लांबी उष्णतेने इतकी थोडी बदलते की ती धरायचीही गरज नाही.

एमडीएफची अडचण तिसरीच. तो लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेला बोर्ड आहे. कोरडा असेपर्यंत सरळ आणि गुळगुळीत राहतो. पण कापलेल्या कडेतून पाणी शिरलं की फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही.

इथे कूलरचा मुद्दा येतो. उन्हाळ्यात आपल्याकडे खिडकीत कूलर असतो आणि समोरच्या भिंतीला कपाट. कूलरची दमट हवा रात्रभर त्या दारांवर येते, दिवसा कूलर बंद झाला की तीच दारं कोरडी पडतात. म्हणजे पावसाळा आणि उन्हाळा, दोन्ही एकाच दिवसात. कूलरसमोरच्या कपाटाला साधी, कडा न झाकलेली एमडीएफची पट्टी लावू नका.

कोणती पट्टी कुठे लावायची?

सागवान: महाग, पण मजबूत. पॉलिश करायचं असेल तर याला पर्याय नाही. नांदेड जिल्ह्याच्या किनवट-माहूर भागातलं जंगल सागासाठी ओळखलं जातं, त्यामुळे साग आपल्या ओळखीचा आहे. पण दुकानात 'सागवान' म्हणून मिळणारी प्रत्येक पट्टी चांगल्या वाळलेल्या, पक्क्या लाकडाची असेलच असं नाही. फिकट पांढरट भाग म्हणजे झाडाच्या सालीकडचं कच्चं लाकूड. त्याला कीड लवकर लागते. पट्टी हातात घ्या, एका टोकातून डोळा लावून पाहा. वाकलेली किंवा पिळलेली असेल तर परत ठेवा.

एमडीएफ आणि एचडीएचएमआर: रंग द्यायचा असेल तर उत्तम, कारण पृष्ठभाग गुळगुळीत असतो. एचडीएचएमआर जास्त घट्ट असतो आणि ओलाव्याला एमडीएफपेक्षा बरा टिकतो. बेडरूमच्या दारांना चालेल. तळाला, सिंकजवळ किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून नको.

पीव्हीसी आणि डब्ल्यूपीसी: पाणी आणि वाळवी दोन्हींना दाद देत नाहीत. तळाची स्कर्टिंग आणि ओट्याखालच्या चौकटीसाठी योग्य. मात्र पीव्हीसी ७०-८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. कुकरची वाफ सतत लागते तिथे, शेगडीच्या अगदी शेजारी किंवा ओव्हनच्या कडेला ते लावू नका.

पॉलिस्टायरीन: रीलमध्ये दिसणाऱ्या नक्षीदार, हलक्या, सोनेरी-पांढऱ्या पट्ट्या बऱ्याचदा याच असतात. स्वस्त आणि कापायला सोप्या. पण नख किंवा वस्तू लागली तरी खळगा पडतो. हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठीक, लहान मुलांच्या खोलीतल्या दारांवर नको.

ॲल्युमिनियम: काचेची दारं, किचनचा तळ आणि सरळ आधुनिक रेषा यांसाठी. पुसायला सगळ्यात सोपं.

एक पर्याय पट्टी न चिकटवण्याचाही आहे. एमडीएफच्या दारातच सीएनसी मशीनने चौकटीची खाच कोरून घेता येते. जोडच नाही, त्यामुळे सुटायला काही नाही. पण आधी केलेल्या लॅमिनेटच्या दारांवर हे करता येत नाही. नवीन दारं करून घेणार असाल तर विचारून पाहा.

डिझाइन ठरवताना काय बघायचं?

सध्या चालणारी सपाट चौकटीची दारं 'शेकर' नावाने ओळखली जातात. अमेरिकेतल्या शेकर पंथाचे लोक अठराव्या-एकोणिसाव्या शतकात साधं, नक्षी नसलेलं फर्निचर करत. त्यांच्या दारांची चौकट चिकटवलेली नव्हती. चार पट्ट्यांच्या खाचेत मधली फळी सैल बसवलेली असायची. कारण तेच, लाकूड फुगलं-आक्रसलं तरी दार फाटू नये. अशी खाचेत बसवलेल्या फळीची दारं आपल्याकडच्या जुन्या घरांतही दिसतात. आज आपण त्या रचनेचा फक्त देखावा दारावर चिकटवतो.

डिझाइन ठरवताना चार गोष्टी तपासा.

पहिली, सफाई. खोल खाचांमध्ये धूळ बसते. स्वयंपाकघरात त्यावर फोडणीची तेलकट वाफ बसली की चिकट काळा थर तयार होतो. शेगडीच्या आजूबाजूच्या दारांना सपाट किंवा गोलाईची पट्टी घ्या, नक्षी नको. रोजच्या येसराच्या आमटीची फोडणी आणि कोरीव कॉर्निस यांचं फारसं जमत नाही.

दुसरी, दार उघडतं का? हे हास्यास्पद वाटेल, पण चूक बरेचदा इथेच होते. दारावर पट्टी आली की जाडी वाढते. 'एल' आकाराच्या किचनमध्ये कोपऱ्यातली ट्रॉली बाहेर ओढताना शेजारच्या दाराच्या पट्टीला घासते. सरकत्या दारांच्या कपाटात मागच्या दारावर उंच पट्टी लावली तर ती पुढच्या दाराला अडते. ऑटो हिंज असलेल्या दारात बिजागरीकडच्या अगदी कडेला जाड पट्टी आली तर दार पूर्ण उघडत नाही. म्हणून चौकट दाराच्या कडेपासून दोन-तीन इंच आत घेणं सोयीचं.

तिसरी, खोलीची उंची. छत कमी उंचीचं असेल आणि कपाट लॉफ्टसह वरपर्यंत गेलं असेल, तर रुंद कॉर्निस खोली आणखी बुटकी दाखवते. तिथे दीड-दोन इंचांची साधी पट्टी पुरते.

चौथी, खराखुरा नमुना. दुकानातून फूटभर तुकडा मागून घ्या. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने दारावर लावा आणि दोन दिवस ठेवा. सकाळच्या उजेडात, रात्री ट्यूबलाइटमध्ये आणि खोलीच्या दारात उभं राहून पाहा. मोबाइलच्या स्क्रीनवर चांगली दिसणारी नक्षी घरात जड वाटू शकते.

किती पट्टी लागेल? हिशोब असा करा

पट्टीचा दर रनिंग फुटावर असतो. 'साधारण शंभर फूट लागेल' असं ऐकून पैसे देण्यापेक्षा पाच मिनिटं बसून मोजा.

समजा कपाट सात फूट रुंद आहे, त्याला चार दारं आहेत. म्हणजे प्रत्येक दार २१ इंच रुंद. उंची सात फूट, म्हणजे ८४ इंच. चौकट प्रत्येक कडेपासून तीन इंच आत घ्यायची आहे. मग चौकटीचं माप झालं १५ इंच बाय ७८ इंच.

एका दाराला उभ्या दोन पट्ट्या ७८ इंचांच्या आणि आडव्या दोन १५ इंचांच्या. बेरीज १८६ इंच, म्हणजे साडेपंधरा फूट. चार दारांचे ६२ फूट.

आता आठ फुटी, म्हणजे ९६ इंचांची पट्टी घ्या. तिच्यातून ७८ आणि १५ असे दोन तुकडे निघतात. बेरीज ९३. करवतीसाठी आणि तिरप्या कापासाठी तीन इंच उरतात. म्हणजे एका दाराला बरोबर दोन पट्ट्या, चार दारांना आठ. एखादा काप चुकला तर म्हणून एक जादा. एकूण नऊ पट्ट्या, ७२ फूट. आणि कुठल्याही बाजूला मधे जोड नाही.

याच कपाटाला कडेपासून दीडच इंच आत चौकट हवी असेल, तर तुकडे ८१ आणि १८ इंचांचे होतात. बेरीज ९९. आठ फुटी पट्टीत बसत नाहीत. मग तुकडे उरतात, वाया जातात आणि पट्ट्या जास्त लागतात. दीड इंचाच्या हट्टाने खर्च वाढतो तो असा. म्हणून आधी दुकानात पट्टीची लांबी विचारा, मग चौकटीचं माप ठरवा.

लावताना काय पाहायचं?

पट्ट्या घरी आणल्या की लगेच ठोकायला घेऊ नका. लाकडी आणि एमडीएफच्या पट्ट्या ज्या खोलीत लागणार आहेत तिथेच चार-पाच दिवस आडव्या, सपाट ठेवा. त्या खोलीतल्या हवेशी जुळल्या की नंतर कमी हलतात. भिंतीला उभ्या टेकवून ठेवल्या तर वाकतात.

मागची बाजू आणि कापलेली टोकं आधी रंग, सीलर किंवा पॉलिशने बंद करा. बहुतेक ठिकाणी फक्त दिसणारी बाजू रंगवतात. मग ओलावा मागून शिरतो आणि पट्टी एका बाजूला वाकते. पंधरा मिनिटांचं हे काम सगळ्यात जास्त फरक पाडतं.

लॅमिनेटवर पांढरा फेव्हिकॉल थेट लावला तर पकडत नाही. तो लाकडाच्या छिद्रांत मुरून धरतो आणि लॅमिनेटला छिद्रंच नसतात. पट्टी जिथे बसणार आहे तेवढा भाग पॉलिश पेपरने खरखरीत करा, पुसून कोरडा करा आणि प्लास्टिक व लॅमिनेटला चालणारा रबर किंवा कन्स्ट्रक्शन प्रकारचा चिकट वापरा. लाकडी पट्टीला सोबत बारीक, डोकं नसलेल्या चुका मारल्या तर पकड दुहेरी होते. तेलकट झालेल्या किचनच्या दारांवर आधी साबणाच्या पाण्याने सफाई हवीच.

कोपरा कापण्याआधी गुण्या लावून पाहा. भिंतीचा कोपरा ९० अंशांचा असेलच असं नाही. तो ९२ अंशांचा असेल तर दोन्ही पट्ट्या ४५ ऐवजी ४६ अंशांत कापाव्या लागतात. एक अंश वाचायला छोटा वाटतो, पण रुंद कॉर्निसमध्ये तो फट होऊन डोळ्यात भरतो.

पीव्हीसीची पट्टी थंडीत बसवत असाल तर टोकाला दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. भर उन्हाळ्यात बसवत असाल तर जोड घट्ट ठेवा. फट भरायला कडक लांबी म्हणजे पुट्टी लावली तर ती पट्टी हलल्यावर फुटते. भिंत आणि कपाटाच्या जोडात लवचीक ॲक्रिलिक सीलंट भरा, त्यावर रंगही बसतो.

आणि भिंतीच्या फटीवरची पट्टी एकाच बाजूला पक्की करा, कपाटाला. भिंतीलाही चिकटवली तर भिंत एकीकडे आणि कपाट दुसरीकडे ओढतं आणि मधे पट्टी फाटते.

उंच कपाट असेल तर भिंतीला बांधा

कॉर्निस लावताना मिस्त्री तसाही शिडीवर चढलेला असतो. त्याच वेळी आणखी एक काम करून घ्या.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-धाराशिव भागात हजारो लोकांचा जीव गेला. जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद अशी तेव्हाची अनेक घरं होती. वरचं वजन खाली आलं. त्यानंतर २००२ मध्ये भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलला आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के नांदेडमध्येही जाणवले.

आज घरं बदलली. पण लॉफ्टपर्यंत गेलेलं, वर पितळी भांडी आणि गाद्या भरलेलं, माथ्यावर कॉर्निस असलेलं सुटं कपाट डोक्याकडून जड असतं. मुलांनी खालचं दार धरून लोंबकळलं तरी ते पुढे कलू शकतं. वरच्या बाजूला दोन लोखंडी एल पट्ट्या भिंतीत प्लग आणि स्क्रूने बसवा. भिंत हलक्या सिमेंट ब्लॉकची असेल तर त्यासाठीचे वेगळे फास्टनर लागतात. कॉर्निस या पट्ट्या झाकून टाकते. ज्या कामासाठी मोल्डिंग असतं, त्याचं हे सगळ्यात चांगलं उदाहरण.

आधीच सुटली असेल तर?

पूर्ण चौकट काढायची घाई करू नका. लाकडी पट्टीतली फट मे महिन्यात भरली तर पावसाळ्यात पट्टी फुगल्यावर भरलेला भाग बाहेर ढकलला जातो. शक्य असेल तर दिवाळीच्या आसपास, हवा मध्यम असताना दुरुस्ती करा. सुटलेलं टोक उचलून आतला जुना चिकट खरवडा, नवीन लावा आणि रात्रभर टेप किंवा क्लॅम्पने दाबून ठेवा. एमडीएफ फुगला असेल तर मात्र तो तुकडा बदलावाच लागतो.

रोजच्या सफाईसाठी कोरडा मऊ ब्रश किंवा किंचित ओलं फडकं पुरे. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर वाळल्यावर खाचांमध्ये पांढरे डाग उरतात, म्हणून लगेच कोरड्या फडक्याने पुसा.

मिस्त्रीला आधीच विचारायचे सहा प्रश्न

१. दरामध्ये पट्टी, लावण्याची मजुरी आणि रंग किंवा पॉलिश हे तिन्ही धरलं आहे का?

२. पट्टी कोणत्या मटेरियलची आणि किती फुटांची? मधे जोड कुठे येणार?

३. मागची बाजू आणि टोकं लावण्याआधी सील करणार का?

४. लॅमिनेटवर कोणता चिकट वापरणार?

५. तळाला आणि ओट्याखाली पाण्याला टिकणारी पट्टी आहे ना?

६. सगळी दारं आणि ट्रॉल्या पट्टी लावल्यावर पूर्ण उघडतील का?

उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना लक्षात राहतं. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी नाराज होत नाही, उलट काम समजणारं गिऱ्हाईक मिळालं म्हणून त्याचंही काम सोपं होतं. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी सगळे कोपरे एकदा बोट फिरवून तपासा. एखादा मे महिना मधे गेल्यावर तपासता आलं तर सगळ्यात उत्तम, पण तेवढं थांबायला कुठलाच मिस्त्री तयार होणार नाही. म्हणून प्रश्न आधीच विचारलेले बरे.